बातमी-वाटप संकेतस्थळे सामान्य वाचकाच्या खरोखर उपयोगाची आहेत का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बातमी-वाटप संकेतस्थळ नेमके कशाला म्हणायचे?

ज्या संकेतस्थळाला स्वतःचे वार्ताहर नसतात आणि संपादकही नसतो, जेथे वाचकच इतरत्र प्रसिद्ध झालेल्या मजकुराचा दुवा आणून ठेवतात, वाचकच त्याला अनुकूल किंवा प्रतिकूल मत देतात आणि त्या मतांवरून संगणक क्रमवारी लावतो, त्याला या पानावर बातमी-वाटप संकेतस्थळ म्हटले आहे. रेडिट आणि हॅकर न्यूज ही आजची परिचित उदाहरणे आहेत. फेसबुकवरही बातम्या फिरतात, परंतु तेथे काय दिसेल हे बऱ्याच अंशी आपली ओळखपाळख कोणाशी आहे यावर ठरते. येथे दुवा आणणारा बहुधा पूर्ण अनोळखी असतो आणि दुव्याखाली चाललेली चर्चा पुष्कळदा मूळ बातमीहून अधिक वाचली जाते.

ही पद्धत आली कोठून?

१९९७ मध्ये सुरू झालेल्या स्लॅशडॉटवर दुवे वाचक पाठवीत, पण त्यांतून काय घ्यायचे हे मोजके संपादक ठरवीत. डिसेंबर २००४ मध्ये केव्हिन रोझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डिग सुरू केले आणि संपादकाची खुर्चीच काढून टाकली. जून २००५ मध्ये स्टीव्ह हफमन आणि ॲलेक्सिस ओहानियन यांनी रेडिट उभे केले, आणि फेब्रुवारी २००७ मध्ये पॉल ग्रॅहम यांनी हॅकर न्यूज.

यांपैकी डिगची कथा वाचकाने लक्षात ठेवण्यासारखी आहे. ऑगस्ट २०१० मध्ये डिगने नवी रचना आणली. तीत प्रकाशनांना आपले दुवे आपोआप आणून टाकण्याची सोय झाली आणि नको असलेला दुवा गाडून टाकण्याचे वाचकांच्या हातातले बटण गेले. वाचकांनी निषेध म्हणून डिगचे पहिले पान रेडिटच्या दुव्यांनी भरून टाकले आणि पुढे त्यांतील बरेच जण स्वतःही तिकडे निघून गेले. २०१२ मध्ये डिग विकले गेले ते किरकोळ म्हणावे अशा किमतीला. या संकेतस्थळांची सारी मालमत्ता म्हणजे तेथे येणारी माणसे, हे या घटनेत जितके उघडे पडले तितके क्वचितच पडले असेल.

मग थोडक्यात सांगायचे तर उपयोग होतो की नाही?

होतो, पण बहुतेक लोक ज्या कामासाठी ही संकेतस्थळे उघडतात त्या कामाला सर्वांत कमी होतो. 'आज जगात काय घडले' हे कळण्यासाठी ती कच्ची साधने आहेत. आपल्या आवडीच्या विषयातला, एरवी कधीही हाती न लागलेला मजकूर सापडावा, किंवा एखाद्या बातमीत काय सांगायचे राहून गेले आहे हे त्या विषयातल्या जाणकाराकडून समजावे, यासाठी मात्र सामान्य वाचकाला याहून सोयीची जागा सहजी मिळत नाही. पुढची बहुतेक उत्तरे म्हणजे या एका फरकाचाच विस्तार आहे.

पहिल्या पानावर आलेली बातमी महत्त्वाची असतेच ना?

असे समजू नये. पहिले पान 'किती लोकांना आवडले' हे दाखवते असा समज आहे. प्रत्यक्षात ते 'किती लवकर आवडले' हे दाखवते, आणि या दोन गोष्टींत फार अंतर आहे.

हॅकर न्यूजच्या क्रमवारीचे प्रसिद्ध झालेले ढोबळ सूत्र असे, की दुव्याच्या गुणांतून एक वजा करायचा आणि येणाऱ्या संख्येला, दुव्याच्या तासांतील वयात दोन मिळवून त्या बेरजेच्या १.८ व्या घाताने भागायचे. हे सूत्र कोरडे वाटते, म्हणून आकडे घालून पाहू. एका तासापूर्वी आलेल्या आणि २१ गुण मिळालेल्या दुव्याचे मूल्य सुमारे २.८ येते. दहा तासांपूर्वी आलेल्या आणि १०१ गुण मिळालेल्या दुव्याचे मूल्य येते जेमतेम १.१. म्हणजे जवळजवळ पाचपट लोकांनी पसंत केलेला मजकूर खाली आणि ताजा मजकूर वर. रेडिट ज्यावर चालते तो संगणक-कार्यक्रम (सोर्स कोड) काही वर्षे सर्वांना पाहण्यासाठी खुला होता. त्यात मते लॉगरिदमने मोजली जात, त्यामुळे पहिल्या दहा मतांनी जितके वजन मिळे तितकेच वजन पुढे मिळवायला आणखी नव्वद मते लागत, आणि साडेबारा तास आधी आलेल्या दुव्याला नव्या दुव्याच्या बरोबरीने उभे राहायचे तर दसपट गुण हवे असत.

जुने खाली गेलेच पाहिजे, नाहीतर तेच ते दुवे आठवडाभर वर राहतील, हे खरे आहे. पण या हिशेबाचा एक परिणाम असा, की जे पटकन उरकते ते जिंकते. एक गमतीचे चित्र पाहून मत द्यायला तीन सेकंद पुरतात. चाळीस मिनिटांचा शोधलेख प्रामाणिकपणे वाचून मत देणारा वाचक परत येईपर्यंत तो दुवा तिसऱ्या पानावर गेलेला असतो. आणि मथळा वाचूनच संताप यावा अशी बातमी तर चित्राच्याही पुढे धावते. ग्रॅहम यांनी स्वतः २००९ मध्ये, हॅकर न्यूज चालवताना आलेल्या अनुभवांवर लिहिताना, मतदानावर चालणाऱ्या स्थळावर मुद्दाम प्रतिबंध केला नाही तर हलका मजकूरच वर येतो, हे सविस्तर मांडले होते. दोष वाचकांच्या अभिरुचीचा कमी आणि घड्याळाचा जास्त आहे.

मत देणारे निदान बातमी वाचून मत देतात का?

बहुतेक वेळा नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रेडिटच्या ३०९ वापरकर्त्यांच्या वर्षभराच्या हालचाली त्यांच्या संमतीने नोंदवण्यात आल्या, आणि सुमारे ७३ टक्के मते दुवा न उघडताच दिली गेल्याचे आढळले. एकदा हे समजले, की दुव्यापुढचा मोठा आकडा पाहून 'इतक्या लोकांनी वाचून पसंत केले' असे मनात येणार नाही. तो आकडा मथळ्याला मिळालेला असतो, आणि मथळा पुष्कळदा दुवा आणणाऱ्याने स्वतः लिहिलेला किंवा बदललेला असतो.

पहिल्या एकदोन मतांनी खरोखर काही फरक पडतो का?

पडतो, आणि तो मोजून पाहिलेला आहे. लेव्ह मुचनिक, सिनान अराल आणि शॉन टेलर यांनी एका बातमी-वाटप संकेतस्थळावर केलेला प्रयोग २०१३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. एक लाखाहून अधिक प्रतिसादांपैकी काहींना, ते लिहिले जाताच, कोणताही गुणदोष न पाहता एक अनुकूल मत देण्यात आले. त्या एका मतामुळे पुढे त्या प्रतिसादांचे सरासरी गुण सुमारे २५ टक्क्यांनी वाढले. उलट, मुद्दाम दिलेले प्रतिकूल मत पुढच्या वाचकांनी बरेचसे भरून काढले. थोडक्यात, अन्याय झालेला दिसला तर लोक तो दुरुस्त करतात, पण फुकटचा लाभ झालेला त्यांच्या डोळ्यांवर येत नाही.

त्याआधी २००६ मध्ये मॅथ्यू साल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी चौदा हजारांहून अधिक लोकांना तीच ४८ अपरिचित गाणी वेगवेगळ्या आठ गटांत ऐकवली होती. प्रत्येक गटाला फक्त आपल्या गटात कोणते गाणे किती वेळा उतरवून घेतले (डाउनलोड केले) गेले हे दिसत होते. सर्वांत चांगली गाणी सहसा तळाला गेली नाहीत, सर्वांत वाईट सहसा शिखरावर पोचली नाहीत. मधल्या साऱ्या गाण्यांचे नशीब मात्र गटागणिक बदलले. पहिल्या पानावरच्या क्रमाकडे पाहताना 'आणखी सात गटांत हाच क्रम कसा दिसला असता' असा प्रश्न मनात आणावा.

प्रतिसाद वाचणे म्हणजे वेळेचा अपव्यय नाही का?

आमच्या मते उलट आहे. या संकेतस्थळांवर वाचण्यासारखे जे काही असते त्यातला मोठा वाटा प्रतिसादांतच असतो. एखाद्या औषधाच्या चाचणीची उत्साही बातमी आली, की तिच्याखाली कोणीतरी मूळ शोधनिबंध उघडून सांगतो, की चाचणी उंदरांवर झाली होती आणि मथळ्यात तो शब्द नाही. पूल कोसळल्याच्या बातमीखाली बांधकाम अभियंता समजावून सांगतो, की छायाचित्रात दिसणारा तडा कारण आहे की परिणाम. हे काम वृत्तपत्राच्या कचेरीत रात्री घाईने मजकूर लावणाऱ्या माणसाकडून होणे अवघड असते, कारण प्रत्येक विषयाचा जाणकार कोणत्याही कचेरीत बसलेला नसतो.

प्रतिसादांची क्रमवारीही दुव्यांच्या क्रमवारीपेक्षा अधिक शहाणपणाने लावता येते. रेडिटने २००९ मध्ये प्रतिसादांसाठी एक वेगळा क्रम आणला, ज्याच्या मुळाशी एडविन विल्सन यांनी १९२७ मध्ये मांडलेले संख्याशास्त्रातील सूत्र आहे. त्यात वेळेचा संबंधच येत नाही. मतांतला अनुकूल भाग किती आणि तो विश्वासार्ह मानण्याइतकी मते आली आहेत का, एवढेच पाहिले जाते. म्हणून दहा अनुकूल आणि एक प्रतिकूल मत मिळालेला प्रतिसाद, चाळीस अनुकूल आणि वीस प्रतिकूल मते मिळालेल्या प्रतिसादाच्या वर जातो. उशिरा आलेल्या शहाण्या माणसालाही त्यामुळे वर येण्याची संधी मिळते. अर्थात, मुळात कोणी खालपर्यंत वाचतच नसेल तर सूत्र काय करणार, हा प्रश्न उरतोच.

काही सावधगिरी हवी. आत्मविश्वासाने लिहिलेला प्रतिसाद आणि माहितीने लिहिलेला प्रतिसाद दिसायला सारखेच असतात, आणि मते देणाऱ्या बहुसंख्यांना त्या विषयातले काही कळत नसते. आपल्या स्वतःच्या व्यवसायातील एखादी चर्चा उघडून पाहावी. तेथे वर आलेल्या प्रतिसादांपैकी किती बरोबर आहेत हे आपल्याला लगेच कळेल, आणि मग बाकीच्या विषयांत किती विश्वास ठेवायचा याचा अंदाजही येईल. चांगला प्रतिसाद ओळखण्याची एक साधी खूण अशी, की तो वाचकाला पुढे कोठेतरी पाठवतो: मूळ कागदाकडे, आकड्यांकडे, न्यायालयाच्या निकालाकडे. जो फक्त स्वतःवर विश्वास ठेवायला सांगतो त्याला रंजन समजावे.

एखादी मोठी दुर्घटना घडत असताना ताजी माहिती येथून घ्यावी का?

घेऊ नये. १५ एप्रिल २०१३ रोजी बॉस्टन मॅरेथॉनमध्ये स्फोट झाले तेव्हा रेडिटवर जमलेल्या लोकांनी छायाचित्रे ताडून संशयित शोधण्याचा उद्योग आरंभला आणि एका बेपत्ता विद्यार्थ्याचे नाव त्यात ओढले. त्याचा स्फोटांशी काहीही संबंध नव्हता. पुढे त्याचा मृतदेह सापडला. आधीच शोधाशोध करत असलेल्या त्याच्या घरच्यांना त्या रात्री काय सोसावे लागले असेल याची कल्पना करवत नाही. रेडिटने नंतर जाहीर माफी मागितली. हेतू चांगला होता असे म्हणता येईल, पण मतांवर चालणारी यंत्रणा खात्रीपेक्षा उत्कंठेला वर आणते, आणि अशा वेळी उत्कंठेचीच लाट असते. पहिल्या दिवशी येथे जाऊ नये. आठवड्याने जावे, तोवर खोटे बरेचसे गळून गेलेले असते.

मते आणि प्रतिसाद बनावट असू शकतात का?

असतातच. रेडिटच्या संस्थापकांनी सुरुवातीच्या काळात पान ओस दिसू नये म्हणून स्वतःच अनेक खोट्या नावांनी दुवे टाकले होते, हे हफमन यांनी पुढे मोकळेपणाने सांगितले आहे. तेव्हाचा तो प्रकार निरुपद्रवी होता. आता मते विकणारे लोक आहेत, जुनी खाती विकत घेऊन त्यांवरून वस्तूंची 'सहज' शिफारस करणारे आहेत, आणि यंत्राकडून प्रतिसाद लिहून घेणारेही आहेत. झुरिक विद्यापीठातील संशोधकांनी रेडिटच्या एका चर्चाकट्ट्यावर, तेथील कोणालाही न सांगता, यंत्राने लिहिलेले हजाराहून अधिक प्रतिसाद माणसांच्या नावाने टाकले होते, हे एप्रिल २०२५ मध्ये उघड झाले. काही महिने ते चालले आणि सर्वसाधारण सदस्यांना सुगावा लागला नव्हता. एखाद्या प्रतिसादात नेमक्या एका वस्तूची स्तुती असेल तर लिहिणाऱ्याचे आधीचे लेखन उघडून पाहावे. त्याला अर्धा मिनिट लागतो.

तेथे शिस्त कोण राखते?

रेडिटवर प्रत्येक विषयाचा वेगळा कट्टा असतो आणि त्यावर मॉडरेटर म्हणजे नियंत्रक असतात. ते स्वयंसेवक असतात, त्यांना वेतन नसते. एकाच संकेतस्थळावर दोन कट्ट्यांत जमीनअस्मानाचा फरक दिसतो तो मुख्यतः यामुळे. इतिहासाच्या प्रश्नोत्तरांसाठी प्रसिद्ध असलेल्या कट्ट्यावर वरवरची, अभ्यासाचा आधार नसलेली उत्तरे सरळ काढून टाकली जातात, आणि म्हणून तेथील उत्तरे वाचनीय असतात. जून २०२३ मध्ये, बाहेरच्या ॲपना माहिती पुरवण्यासाठी रेडिटने भारी शुल्क लावायचे ठरवल्यावर, हजारो कट्टे नियंत्रकांनी निषेध म्हणून बंद ठेवले होते. वाचकाला त्या दिवसांत कळले, की आपण ज्याला संकेतस्थळ समजत होतो ते प्रत्यक्षात बिनपगारी माणसांच्या रोजच्या झाडलोटीवर उभे होते.

खाते उघडावे लागते का?

नुसते वाचण्यासाठी सहसा नाही. जेकब निल्सन यांनी २००६ मध्ये मांडलेला ठोकताळा असा, की अशा समूहांत शंभरांपैकी नव्वद जण फक्त वाचतात, नऊ जण अधूनमधून काही करतात आणि बहुतेक मजकूर एकाच माणसाकडून येतो. गप्प बसून वाचणाऱ्याने संकोच बाळगण्याचे कारण नाही. खात्याचा खरा फायदा एवढाच, की नको असलेले कट्टे वगळता येतात.

वर्तमानपत्र किंवा वृत्तवाहिनी बंद करून यावरच भागेल का?

भागणार नाही, आणि त्याचे कारण अगदी साधे आहे. या संकेतस्थळांवर जवळजवळ काहीही जन्माला येत नाही. तेथे चर्चिली जाणारी बातमी कोणीतरी सभेला बसून, कागदपत्रे मागवून, माणसांना भेटून मिळवलेली असते. नगरपालिकेच्या अंदाजपत्रकाची किंवा न्यायालयातल्या लांबलेल्या खटल्याची बातमी पहिल्या पानावर क्वचितच येते. तिच्यात थरार नसतो, तिचा संबंध असलेले लोक जगाच्या मानाने थोडे असतात, आणि मते तर जगभरातून पडत असतात. आपल्या रोजच्या जगण्यावर ज्यांचा परिणाम होतो त्या बातम्या नेमक्या याच प्रकारच्या असतात. संपादकाच्या निवडीवर कितीही टीका केली तरी, लोकांना आवडणार नाही हे माहीत असूनही एखादी बातमी छापण्याचे काम तो करू शकतो. मतपेटीला ते करता येत नाही.

मग रोजच्या वापरात नेमके काय करावे?

पहिले पान उघडायचेच नाही, ही आमची सर्वांत ठाम सूचना आहे. दोनतीन अरुंद विषय निवडावेत. 'विज्ञान' नको, 'खगोलशास्त्र' किंवा त्याहूनही बारीक काही चालेल, कारण कट्टा जितका लहान तितका तेथे विषयासाठी आलेल्या माणसांचा वाटा मोठा. क्रमवारी 'आज' ऐवजी 'या आठवड्यातील सर्वोत्तम' अशी लावावी, म्हणजे घड्याळाचा जो दोष वर सांगितला तो बऱ्याच अंशी निघून जातो आणि रोज येण्याची गरजही राहत नाही. आवडलेला दुवा ज्या प्रकाशनाचा असेल ते प्रकाशन लक्षात ठेवावे आणि पुढच्या वेळी थेट तेथेच जावे, किंवा त्याचा आरएसएस, म्हणजे नवा मजकूर आपोआप आपल्याकडे आणून देणारी सोय, घ्यावा. गूगलने आरएसएस वाचण्यासाठीचे आपले 'रीडर' जुलै २०१३ मध्ये बंद केले तरी आरएसएस बंद पडलेले नाही.

शंका आली तर त्याच पानावर बसून विचार करत राहण्यापेक्षा दुसरी खिडकी उघडून त्या बातमीबद्दल इतर कोण काय म्हणते ते पाहावे. व्यावसायिक तथ्य-तपासनीस असेच करतात, असे स्टॅनफर्ड विद्यापीठातील सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांच्या अभ्यासात दिसून आले आहे. विद्वान प्राध्यापकही, आणि विद्यार्थीही, त्याच पानावर रेंगाळून फसले होते.

जुन्या चर्चा वाचण्यात काही अर्थ आहे का?

आहे, आणि कदाचित सामान्य वाचकाला सर्वाधिक लाभ तेथेच आहे. आज पुष्कळ लोक शोधयंत्रात प्रश्न लिहिताना शेवटी 'रेडिट' असा शब्द जोडतात, कारण जाहिरातीसाठी रचलेल्या पानांपेक्षा तीन वर्षांपूर्वी कोणा अनोळखी माणसाने आपल्या बंद पडलेल्या यंत्राविषयी लिहिलेले चार परिच्छेद त्यांना जास्त उपयोगी पडतात. या साठ्याची किंमत इतरांनीही ओळखली आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये गूगलने रेडिटवरील मजकूर वापरण्यासाठी करार केला. जुना धागा, म्हणजे अशी एखादी चर्चा, वाचताना दोन गोष्टी पाहाव्यात. एक, तो कोणत्या वर्षीचा आहे, कारण नियम, आवृत्त्या आणि औषधांच्या शिफारशी बदलतात आणि धागा मात्र तसाच राहतो. दोन, प्रश्न विचारणाऱ्याने शेवटी परत येऊन 'हे करून पाहिले, जमले' असे लिहिले आहे का. ते एक वाक्य वरच्या शंभर मतांपेक्षा जास्त सांगते.